कैदी पार्टी : कार्ल्सरूहे ते डाखाऊ

बुधवार, १३ सप्टेंबर १९४४. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, दक्षिण जर्मनीतल्या डाखाऊ छळछावणीत, प्रेतं जाळायच्या भट्टीशेजारच्या मोकळ्या जागेत चार स्त्रियांना गुडघ्यांवर बसवून मानेत गोळ्या घातल्या. चौघीही ब्रिटिश गुप्त सेवेच्या. त्यातली एक बडोद्याच्या घराण्यातली, नूर इनायत खान, वय तीस.

या चौघींचे शेवटचे दोन दिवस बऱ्यापैकी जुळवता येतात, कारण त्यांना पोचवायला गेलेले पोलीस जिवंत राहिले आणि युद्धानंतर त्यांच्या जबान्या झाल्या. जबान्या जर्मन सरकारी माणसांच्या आहेत, तेव्हा त्या तशाच वाचायच्या. पण गाडी, थांबे, सिगारेटी, कुणी काय मागितलं आणि काय नाकारलं गेलं, एवढं त्यांत आहे.

चौतीस वर्षं आधी : १३ सप्टेंबर १९१०, मुंबई

आपल्याकडच्या शिरपूरहून धुळं, धुळ्याहून मालेगाव, आणि मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. तिथला शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ १८७५ मध्ये दत्तक गेला आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज झाला. खानदेशाच्या उंबऱ्यावरचा हा माणूस गादीवर बसला नसता तर पुढची गोष्ट वेगळी घडली असती, असं म्हणायला जागा आहे. कारण १८८६ मध्ये महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष या गवयांनी बडोद्यात गायनशाळा काढली. त्यांच्या घरात, त्यांच्या हाताखाली, त्यांचा नातू इनायत खान वाढला. उत्तम वीणावादक, पुढे सूफी. १३ सप्टेंबर १९१० ला त्याने मुंबई सोडली आणि तो अमेरिकेला गेला.

तिथे ओरा रे बेकर ही अमेरिकन मुलगी भेटली, लग्न झालं. थोरली मुलगी नूर १ जानेवारी १९१४ ला मॉस्कोत जन्मली. मग लंडन, मग पॅरिसजवळच्या सुरेनमध्ये ‘फज़ल मंझिल’ नावाचं घर. १९२६ मध्ये वडील हिंदुस्थानात आले ते परतलेच नाहीत, १९२७ मध्ये दिल्लीत गेले. आई खचली. तेरा वर्षांच्या नूरने धाकट्या तिघांना सांभाळलं, शिकली, हार्प वाजवायला लागली, मुलांसाठी लिहू लागली. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९ मध्ये लंडनला निघालं. त्याच वर्षी युद्ध लागलं.

वडील निघाले ती तारीख आणि मुलगी मेली ती तारीख एकच, १३ सप्टेंबर. योगायोग. त्याला अर्थ चिकटवायचा मोह मला होत नाही.

साडेअकरा वर्षं आधी : मार्च १९३३, डाखाऊ

म्युनिकच्या वायव्येला सोळा किलोमीटरवर डाखाऊ नावाचं गाव, गावाबाहेर पहिल्या महायुद्धातला दारूगोळ्याचा बंद कारखाना. हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. म्युनिकचा पोलीसप्रमुख हाइनरिख हिमलर याने पत्रकारांना बोलावून सांगितलं की तिथे पाच हजार राजकीय कैद्यांची छावणी उघडतो आहोत. वर्तमानपत्रांत ते छापूनही आलं. २२ मार्चला पहिले कैदी पोचले. ‘आम्हाला काही ठाऊकच नव्हतं’ असं नंतर सांगणाऱ्यांना ही बातमी घरबसल्या वाचायला मिळाली होती.

जूनमध्ये थिओडोर आयके हा कमांडंट झाला. त्याने शिक्षांची नियमावली लिहिली: किती फटके, कशासाठी खांबाला टांगायचं, कोणत्या गुन्ह्याला कैद्याला जागीच मारायचं. पुढच्या सगळ्या छावण्या त्याच नमुन्यावर उभ्या राहिल्या. बारा वर्षांत डाखाऊत दोन लाखांहून अधिक माणसं डांबली गेली, किमान ४१,५०० मेली. १९४१-४२ मध्ये जवळच्या हेबर्ट्सहाउझेनच्या नेमबाजी मैदानावर चार हजारांहून अधिक सोव्हिएत युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या. कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून माणूस किती वेळ तगतो याचे ‘प्रयोग’ इथेच झाले.

पण ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक या जागा वेगळ्या. त्या पोलंडमधल्या संहारछावण्या होत्या. तिथे बराकींची, कामाची, शिक्षांची फारशी गरजच नव्हती. गाडी यायची आणि दोन-तीन तासांत रिकामी व्हायची. या तीन ठिकाणी मिळून सुमारे सतरा लाख ज्यू मारले गेले, आणि आउशवित्समध्ये अकरा लाख माणसं. डाखाऊ त्या यादीत नाही. डाखाऊ ही आधीची शाळा. माणसाला कायद्याच्या बाहेर ठेवूनही त्याची नोंद चोख ठेवायची, हे तंत्र तिथे पक्कं झालं. आजारी आणि दुबळे कैदी ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमला पाठवून वायूने मारायचीही सोय होती. अडीच हजारांहून अधिक तिकडे गेले.

पंधरा महिने आधी : १६-१७ जून १९४३ ची रात्र, आंजेजवळचं शेत

चांदण्या रात्री ब्रिटिश लायसँडर विमान फ्रान्समधल्या एका शेतात उतरलं. नूर खाली उतरली. टोपणनाव ‘मादलेन’, काम बिनतारी संदेशयंत्र चालवणं. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये या कामावर पाठवलेली ती पहिली स्त्री. आठवड्याभरातच पॅरिसमधलं ‘प्रॉस्पर’ हे हेरांचं जाळं गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, उचललं. लंडनने तिला परत बोलावलं, ती आली नाही. मागे दुसरा यंत्रचालक उरलाच नव्हता. पुढचे तीन-साडेतीन महिने यंत्राची पेटी घेऊन ती घरं बदलत राहिली.

इथे आपल्याकडच्या माणसाच्या मनात एक प्रश्न उठतो, तो टाळण्यात अर्थ नाही. ज्या काळात ती इंग्रजांसाठी जीव धोक्यात घालत होती, त्याच काळात खानदेश इंग्रजांशी लढत होता. नंदुरबारच्या शिरीषकुमारला पोलिसांची गोळी लागून वर्षही झालं नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये शिरपूरच्या शेजारच्या शिंदखेडा तालुक्यात, चिमठाण्याला, क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. मग ही कोणाच्या बाजूची? हवाई दलाच्या मुलाखतीत तिला हिंदुस्थानबद्दल विचारलं होतं. युद्ध चालू आहे तोवर तुमच्याबरोबर, नंतर मात्र मला माझ्या देशाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहावं लागेल, अशा आशयाचं तिने समोर बसलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना सांगितलं. नोकरीच्या मुलाखतीत हे बोलायला धाडस लागतं. मला तरी उत्तर पुरेसं वाटतं.

अकरा महिने आधी : ऑक्टोबर १९४३, पॅरिस

कुणीतरी पैशासाठी पत्ता दिला. १३ ऑक्टोबरच्या सुमारास तिला पकडलं आणि गेस्टापोच्या साथीदार सुरक्षासेवेच्या ८४, ॲव्हेन्यू फॉश या कचेरीत नेलं. तिने तोंड उघडलं नाही, हे तिथल्या जर्मन अधिकाऱ्यांनीच नंतर सांगितलं. पण तिच्या खोलीत वह्या सापडल्या. पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिने जपून ठेवल्या होत्या. ही चूक मोठी, आणि तिच्या भक्तांनी ती झाकू नये. त्या वह्यांच्या आधाराने जर्मन तिच्या नावाने लंडनला संदेश पाठवू लागले.

मात्र लंडनची चूक त्याहून मोठी. सोनिया ओल्शानेत्स्की या पॅरिसमधल्या कार्यकर्तीने स्वित्झर्लंडमार्गे कळवलं होतं की मादलेनला ‘गंभीर अपघात’ झाला आहे, ती ‘रुग्णालयात’ आहे. सांकेतिक भाषेत, पकडली गेली. लंडनच्या अधिकाऱ्यांना सोनिया कोण हे माहीत नव्हतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

नोव्हेंबरच्या अखेरीस नूर दोन साथीदारांबरोबर छतावरून पळाली. नेमका त्याच वेळी विमानहल्ल्याचा भोंगा वाजला, कोठड्या तपासल्या गेल्या, तिघे सापडले. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला तिने नकार दिला. मग जर्मनीत, फोर्त्सहाइमच्या तुरुंगात, एकांतकोठडी, हातापायांत साखळ्या. दहा महिने.

साडेसहा महिने आधी : फेब्रुवारी १९४४ ची शेवटची रात्र, शार्त्रजवळ

नूरच्या यंत्रावरून आलेल्या संदेशांवर विसंबून लंडनने हवाई छत्रीने माणसं उतरवली. खाली स्वागताला गेस्टापो उभी होती. त्यात एक होती लीलच्या पोस्टमास्तरांची मुलगी, मादलेन दामेरमाँ, वय सव्वीस.

दहा आठवडे आधी : ६ जुलै १९४४, नात्सवायलर

मे महिन्यात पॅरिसहून आठ स्त्री-हेर कार्ल्सरूहेच्या साध्या महिला तुरुंगात आणल्या होत्या. चोरी, काळाबाजार, सरकारविरुद्ध बोलणं अशा गुन्ह्यांतल्या जर्मन बायकांबरोबर त्यांना ठेवलं. तुरुंगाच्या मुख्य पर्यवेक्षिकेला हे खटकलं. या बायकांवर आरोप नाही, शिक्षा नाही, मुदत नाही; रजिस्टरमध्ये यांचं काय लिहायचं? तिने गेस्टापोकडे तगादा लावला. गेस्टापोने बर्लिनला विचारलं. बर्लिनने उत्तर दिलं. चौघींना नात्सवायलर छावणीत नेऊन विषारी सुया टोचल्या. त्यात सोनिया ओल्शानेत्स्की होती.

त्या पर्यवेक्षिकेच्या मनात द्वेष असल्याचं कुठेही दिसत नाही. तिला तिचा कागद पूर्ण हवा होता. या हकिकतीत मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

आठपैकी ओडेट सॅन्सम हिला रावेन्सब्रुकला हलवलं, ती जगली. कार्ल्सरूहेत उरल्या तीन: दामेरमाँ, योलांद बेकमन आणि एलियान प्लूमन. बेकमन सें-कांतॅंच्या गटाची संदेशचालक, प्लूमन मार्सेयच्या गटातली.

सोमवार, ११ सप्टेंबर, दिवसा. उरलेले तास : सुमारे ४८

बर्लिनच्या राइख सुरक्षा मुख्यालयाचा हुकूम कार्ल्सरूहेच्या गेस्टापो कचेरीत आला आहे. कार्ल्सरूहेतल्या तिघी आणि फोर्त्सहाइमची एक, चौघींना डाखाऊला नेऊन मारायचं. कचेरीचा प्रमुख योझेफ ग्माइनर. याच कचेरीच्या माणसांनी मार्चअखेर, युद्धकैद्यांच्या छावणीतून भुयार खणून पळालेल्या एका ब्रिटिश वैमानिकाला गोळी घातली होती. पोचवायचं काम माक्स वास्मरकडे, मदतीला क्रिस्टियान ऑट. आपल्याकडे पोलीस ‘कैदी पार्टी’ म्हणतात तशी ड्यूटी: शिरपूरच्या कोर्टातून आरोपी धुळ्याच्या कारागृहात पोचता करायचा, कागद द्यायचा, कागद घ्यायचा, संध्याकाळपर्यंत परत.

पॅरिस सुटून अडीच आठवडे झालेत. फ्रान्सचा बहुतेक भाग मोकळा आहे. ज्या जाळ्यांसाठी या चौघींना पकडलं त्यांची माहिती आता कुणाच्याही उपयोगाची नाही. चौकशी संपली, खटला कधी नव्हताच. मारायला कारण उरलेलं नाही, तरी हुकूम आहे.

सोमवार, संध्याकाळ. उरलेले तास : सुमारे ३८

फोर्त्सहाइमचा तुरुंग. तुरुंगाधिकारी विल्हेल्म क्राउस वयस्कर माणूस. साखळ्यांबद्दल त्याला वाईट वाटायचं, एकदा त्याने त्या काढायलाही लावल्या होत्या; वरून कानउघाडणी झाली, पुन्हा घातल्या. त्याने नंतर तशी साक्ष दिली. हाही मनाने वाईट नव्हता.

नूरची कोठडी वेगळी होती, बोलायला बंदी होती. पण शेजारच्या कोठडीत काही फ्रेंच राजकीय कैदी बायका होत्या. त्यांच्याशी तिने संवाद जोडला तो जेवणाच्या भांड्यांतून. भांड्याच्या बुडावर टोकदार वस्तूने ओरखडून लिहायचं. भांडी धुऊन फिरत, कधीतरी योग्य हातात पडत. नाव तिने ‘नोरा बेकर’ दिलं, आईच्या माहेरचं आडनाव, आणि लंडनचा पत्ता: ४, टॅव्हिटन स्ट्रीट. १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, तिने त्या बायकांना शुभेच्छाही याच मार्गाने पाठवल्या. साखळ्या घातलेल्या हाताने पत्र्यावर अक्षरं कोरायला किती वेळ लागत असेल ते ज्याचं त्याने पाहावं.

सप्टेंबरमधला तिचा शेवटचा मजकूर एवढाच होता की मी निघते आहे. अक्षर घाईचं होतं, असं योलांद लाग्राव या कैदी बाईने नंतर सांगितलं.

त्याच संध्याकाळी, सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वायव्येला, अमेरिकन सैनिकांची एक लहान तुकडी लक्झेंबर्गच्या सीमेवरची उर नदी ओलांडून जर्मनीत शिरली. युद्धात पश्चिमेकडून जर्मन भूमीवर दोस्तांचं पहिलं पाऊल. तुकडीने रिकामी खंदकघरं पाहिली आणि ती परत गेली.

सोमवार, रात्र. उरलेले तास : सुमारे ३४

मोटारीने कार्ल्सरूहे, तीसेक किलोमीटर. दुसरीकडे महिला तुरुंगात तिघींना सामान बांधायला सांगितलं आहे. कुठे नेणार, याचं उत्तर त्यांना असं दिलं गेलं की एका छावणीत, तिथे शेतीचं काम चालतं.

थाप पूर्ण खोटीही नव्हती. डाखाऊच्या कुंपणालगत एसएस या नाझी संघटनेचा औषधी वनस्पतींचा मोठा मळा होता. कैदी तिथे राबत आणि राबता राबता मरत.

मंगळवार, १२ सप्टेंबर, पहाटेच्या आधी. उरलेले तास : तीसच्या आसपास

चौघी एकत्र आल्या. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा मनात आणतो. नूर आणि योलांद बेकमन यांनी संदेशयंत्राचं प्रशिक्षण इंग्लंडमध्ये एकत्र घेतलं होतं. त्यानंतर दोघी आता भेटत होत्या, जर्मन पोलिसांच्या देखरेखीखाली. दामेरमाँचं आणि नूरचं नातं त्याहून विचित्र. जिच्या नावाच्या खोट्या संदेशांवर भरवसा ठेवून दामेरमाँला खाली उतरवलं, ती समोर उभी. एकमेकींना हे कळलं का, कुणी कुणाला काही विचारलं का, याची साक्ष द्यायला चौघींपैकी कुणी उरली नाही. पोलिसांना दिसलं ते इतकंच की बायका एकमेकींना पाहून खूश झाल्या.

मग स्टेशन, आणि म्युनिकची गाडी.

मंगळवार, सकाळ. उरलेले तास : सुमारे २६

डब्यात चौघींना खिडकीजवळच्या जागा मिळाल्या. ऑटच्या जबानीतला हा भाग वाचताना माणूस थबकतो, कारण तो जवळजवळ सहलीसारखा आहे. बायका सारख्या बोलत होत्या. इंग्रजी, फ्रेंच. कुणाकडे तरी इंग्लिश सिगारेटी होत्या, त्या सगळ्यांत वाटल्या गेल्या. त्या संपल्यावर ऑटने स्वतःच्या जर्मन सिगारेटी पुढे केल्या.

दहा महिने नूरशी मोकळेपणाने कुणी बोललं नव्हतं. खिडकीबाहेर नेकार खोरं, मग श्वाबियाचे डोंगर, सप्टेंबरचं ऊन-सावलीचं रान. शेतीच्या छावणीत नेताहेत, फ्रान्स सुटलं आहे, युद्ध महिन्या-दोन महिन्यांत संपेल. त्या काळात लंडनपासून पॅरिसपर्यंत पुष्कळ शहाणी माणसंही असंच धरून चालली होती. त्या गाडीत बसलेल्या बायकांनी तसं धरलं असेल तर त्यांना भोळं म्हणता येणार नाही.

सिगारेट देणाऱ्या ऑटला आणि हुकूम खिशात ठेवणाऱ्या वास्मरला शेवट माहीत होता. दोघांपैकी एकाचाही पाय कुठल्या स्टेशनवर अडखळला नाही.

आपल्याकडे तेव्हा दुपार होत आली होती. युद्धकाळात हिंदुस्थानची घड्याळं तासभर पुढे केलेली, त्यामुळे जर्मनीपेक्षा साडेचार तासांचा फरक. भाद्रपदाचा कृष्णपक्ष, घराघरांत पितरांची पानं वाढली जात होती.

मंगळवार, दुपार. उरलेले तास : सुमारे २०

वाटेत हवाई हल्ल्याचा इशारा झाला आणि गाडी थांबली. आकाश आता दोस्तांचं होतं. त्याच दिवशी इटलीतून उडालेली अमेरिकन विमानं म्युनिकच्या आसपासच्या विमान कारखान्यांवर बॉम्ब टाकत होती. ज्या भोंग्याने पॅरिसच्या छतावर नूरचा घात केला, त्याच्यासारख्याच भोंग्याने इथे तिचे काही तास लांबवले. गाडी पुन्हा सुटली.

मंगळवार, रात्र. उरलेले तास : दहा-बारा

म्युनिकला उतरून लोकल गाडीने डाखाऊ. स्टेशनपासून छावणी तीनेक किलोमीटर. अंधारात चालत. लोखंडी दरवाजावर, श्रमाने मुक्ती मिळते अशी अक्षरं घडवलेली, १९३६ पासूनची. छावणीच्या माणसाने कैदी ताब्यात घेतले. चौघींना वेगवेगळ्या कोठड्यांत बंद केलं. कैदी पार्टीचं पोचवायचं काम तिथे संपलं.

चौघी सकाळी ज्या श्टुटगार्टवरून गेल्या होत्या त्या शहरावर त्या रात्री ब्रिटिश विमानं आली. आगीचं वादळ उठलं, शेकडो माणसं मेली. गाडी एक दिवस उशिरा असती तर, असा विचार मनात येतो. पण तेव्हा रूळ तुटले तरी हुकूम तुटत नसत. दुसरी गाडी पाहिली असती.

बुधवार, १३ सप्टेंबर, सकाळी आठ ते दहा

इथून पुढची हकिकत ऑटने वास्मरकडून ऐकली आणि तपास अधिकाऱ्यांना सांगितली.

चौघींना कोठड्यांतून काढून भट्टीजवळ आणलं. वास्मरने हुकूम वाचून दाखवला. दाखवला तो बेकमनला, कारण तिला जर्मन येत होतं. तिने बाकीच्यांना सांगितलं. चौघी पांढऱ्याफटक पडल्या, रडल्या. बेकमनने विचारलं, या शिक्षेविरुद्ध दाद मागता येईल का? कमांडंट म्हणाला, नाही. मग तिने धर्मगुरू मागितला. कमांडंट म्हणाला, छावणीत धर्मगुरू नाही.

डाखाऊ ही संपूर्ण राइखमधल्या कैदी धर्मगुरूंची छावणी होती. युद्धाच्या काळात तिथे २,७०० हून अधिक पाद्री डांबले गेले, बहुतेक पोलिश. त्यांच्यासाठी वेगळ्या बराकी होत्या, एका बराकीत प्रार्थनास्थळही होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

समोर मातीचा लहान ढीग. त्याकडे तोंड करून चौघींना गुडघ्यांवर बसवलं. दोघी इंग्रजांकडच्या एकमेकींचा हात धरून, दोघी फ्रेंच एकमेकींचा हात धरून. दोन एसएस शिपायांनी मागून मानेत एकेक गोळी घातली. तिघी लगेच गेल्या. बेकमनला दुसरी गोळी घालावी लागली.

मग कमांडंटने शिपायांना सांगितलं की या बायकांच्या दागिन्यांत मला रस आहे, ते माझ्या कचेरीत आणून द्या.

ऑटने एवढं ऐकल्यावर वास्मरला विचारलं होतं, पण खरं काय घडलं? वास्मर उलट म्हणाला, म्हणजे खरं कसं झालं ते तुला ऐकायचंय? ऑटने हेही जबानीत सांगून टाकलं. त्यामुळे वरची हकिकत सजवलेली असणार, हा संशय कागदावरच आहे. पुढे एका डच कैद्याच्या नावावर दुसरी हकिकत पुढे आली: नूरला रात्रभर मारहाण झाली, ती विल्हेल्म रुपर्ट या एसएस अधिकाऱ्याने केली, आणि मरताना ती ‘लिबेर्ते’ म्हणाली. चित्रपटाला शोभणारा शेवट. मला तो मान्य करणं जड जातं, आणि वास्मरची नीटनेटकी आवृत्तीही. माती, भट्टी आणि दागिने मात्र मी खरे धरतो. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या वरिष्ठाची चोरी सहसा बनवून सांगत नाही.

प्रेतं त्याच भट्टीत गेली.

नंतर

फोर्त्सहाइमच्या तुरुंगातल्या बहुतेक फ्रेंच राजकीय कैद्यांना ३० नोव्हेंबरला गावाबाहेरच्या रानात नेऊन गोळ्या घातल्या. लाग्राव वाचली. २३ फेब्रुवारी १९४५ ला वीसेक मिनिटांच्या विमानहल्ल्यात ते सराफांचं आणि घड्याळजींचं शहर बेचिराख झालं, सतरा हजारांवर माणसं मेली. २९ एप्रिलला अमेरिकन सैन्य डाखाऊत शिरलं.

आपल्या बेपत्ता हेरांचा शोध घ्यायला लंडनहून व्हेरा ॲटकिन्स जर्मनीला गेल्या. नात्सवायलरमध्ये मारलेल्या चौघींपैकी तिघी ओळखू आल्या, चौथी बारीक, काळ्या केसांची. ती नूरच, असं त्यांनी ठरवलं आणि घरच्यांना तसं कळवलं गेलं. ती होती सोनिया, जिने नूर पकडली गेल्याचं कळवलं होतं. मेल्यावरही काही काळ तिला नूरच्या नावाखाली राहावं लागलं. चूक उघडी पडली ती लाग्रावमुळे. कार्ल्सरूहेच्या चार बायका जुलैत मारल्या गेल्या तेव्हा ‘नोरा बेकर’ फोर्त्सहाइममध्ये साखळ्यांत जिवंत होती, हे भांड्यांवरच्या ओरखड्यांनी सिद्ध केलं. ४, टॅव्हिटन स्ट्रीटवर २०२० मध्ये नूरच्या नावाची निळी पाटी लागली. मरणोत्तर जॉर्ज क्रॉस १९४९ मध्येच मिळाला होता.

ग्माइनरला फाशी झाली, ती पळालेल्या वैमानिकाच्या खुनाबद्दल. पॅरिसच्या कचेरीचा प्रमुख हान्स कीफर नूरच्या मृत्यूची बातमी ऐकून तपासनिसांसमोर रडला. त्यालाही फाशी झाली, ती गणवेशातल्या ब्रिटिश सैनिकांना मारल्याबद्दल. डाखाऊचा खटला १५ नोव्हेंबर १९४५ ला सुरू होऊन १३ डिसेंबरला संपला. रुपर्ट त्यात दोषी ठरला आणि मे १९४६ मध्ये लान्ड्सबर्गच्या तुरुंगात फासावर गेला. निकाल लागला तेव्हा डाखाऊत या चौघींना आणलं होतं हेच तपासनिसांना माहीत नव्हतं. त्याच्यावरच्या आरोपपत्रात त्यांची नावं नव्हती.